तांबू गप्प झाला

म्हाळबा फाटकाशी आला आणि तिथंच थांबला. एरवी तो कडी न वाजवताच आत यायचा, खांद्यावरची घोंगडी ओट्यावर टाकायचा आणि "बाई, वाईच पानी" म्हणायचा. त्या दिवशी मात्र हातातली काठी आडवी धरून तो बाहेरच उभा राहिला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. चिंचेखाली साखळीला बांधलेल्या तांबूकडे तो बघत होता.

तांबू उभा होता. कान मागे, शेपूट ताठ, तोंड मिटलेलं. आवाज नव्हता.

"या की म्हाळबा," मी म्हटलं. "काही करत नाही तो आता."

"त्येच बगतुया," म्हाळबा म्हणाला. "कवाधरनं गप झालंय?"

"संक्रांतीपासून. मीच केला त्याला गप्प."

हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. महिनाभर जो येईल तो मला शाबासकी देऊन जात होता, तेव्हा म्हाळबाकडूनही चार शब्दांची अपेक्षा होती. शिवाय तांबू मुळात त्याच्याच कळपातला. आमच्या ह्यांनी त्याच्या मेंढरांना कॅनॉलच्या पायरीवर पाणी पिऊ दिलं, म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी हे तांबूस पिल्लू आणून दिलं होतं. पण म्हाळबा काही बोलला नाही. पागोट्याखाली बोट घालून त्यानं कपाळ खाजवलं आणि एकदम म्हणाला, "बाई, माजं कुत्रं मला माघारी द्या."

मला हसूच आलं. "वा रे वा! पिल्लू होतं तेव्हा देऊन टाकलंत. आता मी शिकवून शहाणं केलं तर परत हवं होय?"

"शान्यापायी न्हाई मागत. घरात ल्येकरू हाय तुमच्या."

"कुमुद? अहो, ती त्याच्या पाठीवर बसते."

"म्हंजी आनखीनच..." म्हाळबानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॅनॉलच्या भरावावरून ह्यांच्या सायकलची घंटा वाजली. हे उतरले, डोक्यावरची हॅट काढली आणि म्हाळबाला बघून म्हणाले, "काय म्हाळबा, मेंढरं भरावावर चढवू नका बरं का. परवा दगड निसटलेत खालचे."

"जी," म्हाळबा म्हणाला आणि निघाला. पाणी न पिताच. कुंपणाच्या कडेनं, तांबूपासूनचं अंतर सारखं ठेवत तो गेला, आणि वळणापर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

"कुत्रं परत मागत होता," मी म्हटलं.

"छट्! द्यायचं नाही," हे म्हणाले. "मोठे साहेब यायचेत पुढच्या आठवड्यात. त्यांना दाखवायचंय की."

ही गोष्ट चौसष्ट सालच्या फाल्गुनातली. हे कॅनॉल इन्स्पेक्टर होते, तेही हंगामी; कायमची ऑर्डर निघायची होती. वडजाईचा इन्स्पेक्शन बंगला म्हणजे कॅनॉलकाठी बांधलेलं साहेबलोकांचं उतरायचं ठिकाण. त्याच्या मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पलीकडे खानसामा उस्मानचाचांची खोली, आणि चहूकडे ऊस. गाव पाऊण कोसावर. हे पहाटे पाण्याच्या पाळीवर गेले की दिवस कलताना परत यायचे. तोवर मी आणि सहा वर्षांची कुमुद. अशा ठिकाणी कुत्रं लागतंच, आणि तांबू चांगला राखणदार होता. उसातून कोल्हा निघो की पाटाचं लोखंड चोरायला माणूस येवो, तो आधी घशातल्या घशात गुरगुरायचा, मग ओठ वर घ्यायचा, मग भुंकायचा. माणूस तेवढ्यानंच माघारी फिरायचा. त्यानं कोणाला चावा घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर डेप्युटी साहेब दौऱ्यावर आले. जीपमधून उतरून त्यांनी बंगल्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि तांबू गुरगुरला. साखळीला बांधलेला होता, पण साहेबांनी चटकन पाय मागे घेतला. तो पाय मागे घेताना हाताखालच्या चारी माणसांनी पाहिलं, ही खरी गोम. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"देवकुळे, सरकारी बंगल्यावर सरकारी माणसावर गुरगुरणारं कुत्रं पाळता तुम्ही? फाल्गुनात एक्झिक्युटिव्ह साहेब कुटुंबासह येताहेत. तोवर हे कुत्रं माणसासारखं वागायला शिकेल, नाही तर इथं नसेल. आणि तुमच्या ऑर्डरचा कागदही साहेबांच्याच टेबलावर आहे, हे ध्यानात असू द्या."

रात्री जेवताना हे म्हणाले, "उद्या गेटवाल्याला सांगतो. पोत्यात घालून कॅनॉलला सोडील."

कुमुदनं ते ऐकलं. ताटावरून उठली आणि अंगणात जाऊन तांबूच्या गळ्यात हात टाकून बसली. आत यायला तयार होईना. मी तिला उचलायला गेले तेव्हा तिच्या अंगाला कुत्र्याचा वास येत होता आणि ती साखळी सोडेना.

"मला होळीपर्यंत मुदत द्या," मी ह्यांना म्हटलं. "मी शिकवते त्याला."

म्हणजे मी ते त्याला वाचवण्यासाठीच केलं. हे सांगून काही सुटका होत नाही, ठाऊक आहे मला. पण खरं तेच आहे.

चुलीजवळची लोखंडी फुंकणी मी हाताशी ठेवली. टपालवाला आला, दूधवाली आली, कासारीण आली, की फुंकणी घेऊन तांबूच्या बाजूला जाऊन बसायची. घशात गुरगूर सुरू झाली की नाकाडावर एक फटका. फार जोरात नाही, पण लगेच, आणि दर वेळी. माहेरी आमच्याकडे कधी कुत्रं नव्हतं. पण मुलींना गप्प बसायला कसं शिकवतात ते मी पाहिलेलं होतं, त्यातही एवढंच असतं.

पहिले काही दिवस तो फटका बसला की केकाटायचा आणि माझ्याकडे नवलानं बघायचा. जणू म्हणायचा, अगं, माणूस आलाय म्हणून तुलाच सांगतोय ना! मग गुरगूर अर्ध्यावर तुटायला लागली. संक्रांतीला तर नुसता गळा हलायचा, आवाज निघायचा नाही. रथसप्तमीनंतर तोही हलेनासा झाला. माझा हात फुंकणीकडे गेला तरी पुरायचं.

"बाई, कमाल केलीत," उस्मानचाचा म्हणाले. "जनावराला माणसात आणलंत. आता आमच्या डेप्युटी साहेबांनाबी म्हैनाभर तुमच्याकडं ठिवा."

मी खूप हसले. त्या दिवसांत मला हसू फार लवकर यायचं.

काही गोष्टी दिसत होत्या, नाही असं नाही. तांबू पूर्वी दुपारी चारी पाय पसरून कुशीवर झोपायचा, तसा आता झोपत नव्हता. पाय पोटाखाली घेऊन बसायचा. कोणी जवळ आलं की मान दुसरीकडे वळवायचा, पण डोळा इकडेच असायचा आणि बुबुळाच्या कडेला पांढरं दिसायचं. झोप नसताना जांभया द्यायचा. टपालवाला आला की आधी टपालवाल्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघायचा. मी त्याला आज्ञाधारकपणा म्हणत होते.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला जीप आली. मोठे साहेब, म्हणजे भडकमकर, उंच, अबोल. बाईसाहेब गोऱ्या, हसतमुख. आणि त्यांची पाच वर्षांची अलका, दोन वेण्या आणि पायांत लाल पट्ट्यांच्या चपला. मागून डेप्युटी साहेब उतरले आणि आधी चिंचेकडे बघून मगच चालायला लागले.  तांबू उठला, ताठ झाला. साहेब त्याच्यापासून चार हातांवरून गेले. आवाज नाही.

"शाब्बास देवकुळे," डेप्युटी साहेब म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. इतक्या माणसांत त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं.

अलकाला कुत्रं म्हणजे खेळणंच सापडलं. तिनं वर्तमानपत्राची टोपी करून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याच्या कानांत बोटं घातली. कुमुद मोठी असल्याच्या थाटात सांगत होती, "शेपटीला नाही धरायचं. जेवताना नाही जायचं." अलका म्हणायची, "पण तो काही म्हणतच नाही!"

बाईसाहेब वेताच्या खुर्चीत बसून कौतुकानं बघत होत्या. "किती शहाणं हो! पुण्याला आमच्या शेजाऱ्यांचं एक आहे, पान हललं तरी भुंकतं. ह्याला बघा, टोपी घातली तरी शांत. अगंबाई, जांभई दिली! झोप आली वाटतं बाळाला."

तांबूनं पुन्हा जांभई दिली. मग जिभेनं ओठ चाटले.

"भूक लागली असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुमुद स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पदराशी चाळा करत उभी राहिली. "आई, मी त्याला सोडला ना फिरायला, तर तांबू माझ्याकडे येतच नाही. ओट्याखालच्या पोकळीत जाऊन बसतो. हाक मारली तरी."

"दमला असेल गं. पाहुणे आहेत ना."

"तो दमल्यासारखा नाही बसत," कुमुद म्हणाली. "लपल्यासारखा बसतो."

मी पोळी लाटत होते. उद्या साहेबांना पुरणपोळी करायची, त्याची डाळ निवडायची राहिली होती. "बरं, जा, पाट मांड," म्हटलं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पुरुष मंडळी पुलाच्या कामावर गेली होती. उस्मानचाचांनी तांबूला मटणाचं एक मोठं हाड टाकलं होतं. मी चुलीपाशी पुरण शिजवत होते, लाकडं ओली होती, फुंकून फुंकून डोळ्यांना पाणी आलं होतं. बाहेर अलका हसली. एकटीच हसली, कुमुदचा आवाज आला नाही, म्हणून मी उठून दारात आले. फुंकणी हातातच राहिली होती.

तांबू चिंचेखाली बसला होता, पुढच्या दोन्ही पायांत हाड धरून. अलकानं त्याच्या गळ्यात हात टाकले होते आणि गालाला गाल लावला होता. "तांबू, तू येतोस का पुण्याला?" ती त्याच्या कानात विचारत होती.

तो चघळायचा थांबला. पुरता थांबला. त्याची बरगडीसुद्धा हलेना. दगडाचं कुत्रं असावं तसा. मग त्याचा डोळा फिरला, अलकाच्या वेणीवरून माझ्याकडे आला, आणि माझ्या हातावर थांबला.

आणि मी फुंकणी उगारली.

तो काही करत नव्हता. तरीही, करू नये म्हणून, सवयीनं, मी हात वर केला.

आवाज झाला तो अलकाचा. तांबूचा झालाच नाही. एकदाच त्याचं तोंड फिरलं आणि लगेच सुटलं. मग तो साखळी ताणेल तितका लांब गेला आणि चिंचेच्या बुंध्याकडे तोंड करून बसला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लाल पट्ट्यांची एक चप्पल अंगणात पडलेली. दूधवाली कुठूनशी आली आणि "जखमेत तिखट भरा, तिखट भरा" ओरडायला लागली. उस्मानचाचांनी तिला ढकललं, पोरीला मांडीवर घेतलं आणि कार्बोलिक साबणानं ती जखम धूत बसले, तांब्यावर तांब्या ओतत. बाईसाहेब ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या, रडतही नव्हत्या. डोळ्याच्या खाली अर्ध्या बोटावर जखम सुरू होत होती. अर्धं बोट.

आत पुरण करपल्याचा वास सुटला होता. कुमुद कुठंतरी होती. मग ती ओट्याखालून बाहेर आली, हातात तांबूचं पाण्याचं भांडं घेऊन. ते भरायला गेली होती, आणि किंकाळी ऐकून तिथं लपली होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गालाला टाके घातले, पोटात सुया सुरू केल्या आणि निरोप पाठवला: कुत्र्याला कोणीही मारायचं नाही. दहा दिवस बांधून ठेवायचं आणि रोज बघायचं. ते धडधाकट राहिलं तर मुलीला धोका नाही, सुयाही थांबवता येतील. ते मेलं, किंवा पाणी पिईनासं झालं, तर...

पुढचं निरोप्यानं सांगितलं नाही.

डेप्युटी साहेबांनी बंगल्याच्या व्हरांड्यात चौकशी मांडली. ह्यांना उभं केलं होतं. "आधी कोणाच्या अंगावर गेलं होतं?"

"नाही साहेब."

"गुरगुरलं होतं?"

"संक्रांतीनंतर एकदाही नाही, साहेब."

ते खरं होतं. मी दाराआड उभी होते आणि ते अगदी खरं होतं.

"म्हणजे वेडंच झालंय," डेप्युटी साहेब म्हणाले. "सूचना न देता चावतं ते वेडंच. दहा दिवस संपले की अकराव्या दिवशी सकाळी मी बंदूकवाला पाठवतो."

तांबूला मागच्या गाडीखान्यात बांधलं. तिथं जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. भाकरीची परडी आणि पाण्याचं भांडं बांबूनं पुढे सरकवायचं, मग उंबऱ्याबाहेर बसून तो पितो का ते बघायचं. ज्यानं मरावं असं सगळ्यांना वाटत होतं, त्यानं जगावं म्हणून सगळं वडजाई देवाला नारळ बोलत होतं. रोज दुपारी तालुक्याचा माणूस सायकलवर यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "प्यालं का?" मी सांगायची, "प्यालं." तो वळून जायचा.

चौथ्या दिवशी तो सकाळपासून पाण्याला शिवला नाही. ऊन चढलं, गाडीखान्याचे पत्रे तापले, तरी नाही. मीही तोंडात पाणी घेतलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते. लाळ गळते का, जबडा लोंबतो का. तोही माझ्याकडे बघत होता. माझ्या हाताकडे. मला त्या वेळी अशी भीती वाटली की तशी मी पुढे माणसं जातानाही अनुभवली नाही. दोन वाजता मी उठून विहिरीवर गेले, आणि परत आले तर भांडं रिकामं होतं. मी असेपर्यंत तो प्यायला उठला नव्हता, एवढंच.

त्या दिवशी मी फुंकणी कॅनॉलमध्ये टाकून दिली.

सहाव्या दिवशी म्हाळबा आला. गाडीखान्यापासून दहा पावलांवर उकिडवा बसला, तांबूकडे पाठ अर्धी वळवून. त्यानं त्याच्याकडे सरळ बघितलं नाही. तंबाखू मळत बसला. पुष्कळ वेळानं तांबूनं पाय पसरले आणि हनुवटी जमिनीला टेकवली. सहा दिवसांत पहिल्यांदा.

"म्हाळबा," मी विचारलं, "वेडं झालंय का हो ते?"

"येडं? न्हाई बा." त्यानं तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "बाई, कुत्रं गुरगुरतंय म्हंजी काय करतंय, सांगा बगू."

"रागावतं."

"रागावलेलं चावतंय. गुरगुरतंय त्ये सांगतंय. लांब ऱ्हा, मला चावायची पाळी आनू नगंस, असं सांगतंय. आमच्या पोरास्नी चालाया लागायच्या आदी त्ये कळतंय. कुत्रं गुरगुरलं की पोरगं बूड टेकून मागं सरतंय." मग हळूच म्हणाला, "तुमी त्येचं सांगनं तेवडं काडून घेतलं. चावनं हुतं तितंच ऱ्हायलं. भ्यावबी ऱ्हायलं, आन् वर तुमचं भ्याव आनखी."

 मी म्हटलं, "त्या दिवशी का नाही सांगितलंत हे?"

"सांगत व्हतो की. सायबांची सायकल आली." त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या बघण्यात राग नव्हता हेच मला सोसलं नाही. "आन् तुमी हसत व्हता."

दहाव्या दिवशी तांबू भाकरी खाऊन पाणी प्यायला. तो निरोप घेऊन सायकलवाला गेला, आणि त्याच्या मागोमाग मी उस्मानचाचांना बरोबर घेऊन गुळाच्या ट्रकमधून तालुक्याला गेले. ह्यांना विचारलं नाही.

दवाखान्याच्या ओसरीवर बाईसाहेब बसल्या होत्या. आत अलका झोपली होती, अर्धा चेहरा पांढऱ्या पट्टीखाली. मी पायरीवरच बसले.

"सुया थांबवल्या आज," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज बघत होता म्हणे त्याला."

"बाईसाहेब, मला एक सांगायचंय. तांबू आधी गुरगुरायचा. तुमच्या अलकावरही गुरगुरला असता, पहिल्या दिवशीच. तुम्ही तिला उचलून घेतली असती. मी त्याला मारून मारून गप्प केला. साहेबांपुढे आवाज करू नये म्हणून."

त्या माझ्याकडे वळल्या. "हे मला कशाला सांगता?"

"उद्या त्याला गोळी घालणार आहेत. वेडा म्हणून."

"आणि माझ्या मुलीचा गाल?"

  मी पदर तोंडाशी धरून बसले. आतून अलकानं झोपेत काहीतरी म्हटलं, बाईसाहेब उठून आत गेल्या. त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आल्या. उभ्यानंच बोलल्या.

"मी त्याला 'शहाणं बाळ' म्हणत होते," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसून." मग म्हणाल्या, "उद्या आमचा बंदूकवाला येईल तेव्हा ते कुत्रं तिथं नसलं, तर मी चौकशी करायला लावणार नाही. पण मला ते पुन्हा दिसता कामा नये. आणि तुम्हीही."

मी रात्रीच निरोप धाडला, आणि पहाट व्हायच्या आधी म्हाळबा तांबूला घेऊन गेला. "पोरांत न्हाई ठेवनार," तो म्हणाला. "कळपाच्या पार कडंला, येकला. बोललं तर बोललं. न्हाई तर तसंच म्हातारं व्हईल." कुमुदला उठवलं नाही. ते तिनं मला बरीच वर्षं ऐकवलं.

ह्यांची ऑर्डर दोन वर्षं लांबली आणि बदली तापीकडे झाली. सामान बांधताना हे एकदाच म्हणाले, "तू तालुक्याला जाऊन ते सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं? कोणाला कळणार होतं?" मी भांडी पोत्यात भरत राहिले. नव्या गावी मी फुंकणी घेतली नाही. आठ वर्षं पुठ्ठ्यानं वारा घालून चूल पेटवली, गॅस येईपर्यंत.

दोन वर्षांनी एका लग्नाला वडजाईच्या बाजूला जाणं झालं. माघाचे दिवस होते. एस.टी. फाट्यावर सोडून गेली आणि मी आणि कुमुद शेताच्या बांधानं चाललो होतो. एका रिकाम्या वावरात मेंढरं बसवलेली, खतासाठी बसवतात तशी. कळपापासून लांब, अगदी बांधालगत, एक तांबूस कुत्रं पसरलं होतं, चारी पाय सोडून, कुशीवर.

"आई!" कुमुदनं माझा हात ओढला. "तांबू!"

तो उठला. कान मागे गेले. त्यानं आधी माझ्या हाताकडे बघितलं. हातात लग्नाच्या साड्यांची पिशवी होती. मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ किंचित वर घेतला, आणि घशातून आवाज आला. आधी बारीक, अडखळत. जुनं दार किलकिलं व्हावं तसा. मग भरून आला.

कुमुद पुढे धावणार होती, मी तिचं मनगट धरलं.

कळपाच्या पलीकडून म्हाळबा ओरडला, "थांबा तितंच, बाई! बोलतंय त्ये."

"रागावलाय का गं आपल्यावर?" कुमुदनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"नाही," मी म्हटलं. "सांगतोय."

मी एक पाऊल मागे घेतलं. तो गुरगुरतच राहिला. कुमुदला घेऊन मी आणखी एक पाऊल मागे गेले, आणि तेव्हा तो थांबला.